दोन माणसांचं पाणी

पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी व्हर्नर सालमेलाचा दिवस सुरू झाला. गजर चारचा होता, पण एप्रिल लागल्यापासून त्याला गजराची गरज पडत नव्हती. शेजारच्या पलंगावर साइमा झोपली होती. तिच्या उशाशी डायलिसिसचं यंत्र बारीक घरघरत होतं. तिच्या पोटातून निघालेली नळी यंत्रात जात होती आणि यंत्रातून निघालेली लांब नळी दाराखालून संडासापर्यंत. व्हर्नरने नळी ओलांडली, अंधारातच विजार चढवली आणि तळघराचा जिना उतरू लागला.

सहाव्या पायरीवर वास आला. काल आठव्या पायरीवर आला होता.

फरशीतल्या जाळीतून पाणी वर आलं होतं. करडं, साबणाची साय धरलेलं, बुटाचा तळवा बुडेल इतकं. त्याने सपाट फावड्याने ते बादलीत ओढलं, बादली अकरा पायऱ्या चढवून वर आणली आणि लाकडांच्या खोपटामागे नेऊन ओतली. चार गॅलनची बादली, तेहतीस पौंड वजन. असं ओतायला परवानगी नाही हे त्याला माहीत होतं. दुसरीकडे ओतायला जागा नव्हती हेही माहीत होतं. चौदा खेपा झाल्या. मग ब्लीच टाकून फरशी घासली, तळघराचं दार लावलं आणि दाराच्या फटीत ओला टॉवेल ठासला. वास वर जाता कामा नये. पाच वाजता तो कामावर निघाला.

सॉ मिलमध्ये तो तेहतीस वर्षं साखळीवर होता. करवतीतून निघालेल्या ओल्या फळ्या साखळीवरून सरकत येतात. मापाप्रमाणे फळी ओढायची, वळवायची, थप्पीला लावायची. सोळा फुटी रुंद फळी ऐंशी पौंडांची भरते. ती उचलायची नसते. साखळीनेच अर्धी पुढे आणून द्यायची, मग कमरेतून वळायचं आणि तिच्याच वजनाने तिला खाली जाऊ द्यायचं. हे ज्याला जमत नाही तो आठवड्यात सोडून जातो. व्हर्नर जूनमध्ये बासष्टीचा होऊन निवृत्त होणार होता. तसं त्याने वरच्या साहेबाला सांगूनही टाकलं होतं.

घर उताराच्या पायथ्याशी होतं. खाली निळसर चिकणमाती. बर्फ वितळलं की पाणी गवताच्या मुळांपर्यंत चढायचं आणि त्या रस्त्यावरच्या अकराही घरांच्या सेप्टिक टाक्या दोन-तीन आठवडे कुरकुरायच्या. लोक तेवढे दिवस कमी पाणी वापरायचे, एकमेकांची चेष्टा करायचे आणि मे उजाडला की विसरून जायचे. सालमेलांकडे मात्र हा तिसरा वसंत होता, आणि दर वर्षी दुखणं लांबत चाललं होतं. टाकीतलं पाणी मागच्या अंगणातल्या तीन चरांत मुरायला हवं. ते मुरत नव्हतं, उलटं घरात येत होतं.

तीन वर्षांपूर्वीच साइमाचं डायलिसिस घरी सुरू झालं होतं. त्यामुळे घरात दोघांचीही समजूत एकच होती की हे वाढलेलं पाणी तिचं. तसं कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

महिन्याला येणारी नर्स सोमवारी येऊन गेली होती. न्हाणीघरात ती बराच वेळ उभी राहिली. टबमध्ये करड्या पाण्याची रेघ होती, घासूनही न गेलेली. तिने आवाज न चढवता सांगितलं की पोटात नळी असलेल्या बाईच्या घरात संडासाचं पाणी वर येत असेल तर तिला डोळेझाक करता येणार नाही. एक जंतू आत गेला तरी जिवावर बेतेल. एक मेपर्यंत नीट करा. नाही झालं तर यंत्र परत न्यावं लागेल आणि साइमाला शहरातल्या केंद्रात यावं लागेल. बासष्ट मैल, आठवड्यातून तीनदा, हातात सुया खुपसून.

साइमाने सुरुवातीचे दहा आठवडे ते केलं होतं. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत तिला कप उचलवत नसे. नर्सची गाडी रस्त्याला लागेपर्यंत ती स्वयंपाकघरात टॉवेलच्या घड्या घालत राहिली.

"मी केंद्रातल्या त्या खुर्चीत परत बसणार नाही," ती म्हणाली.

मग काय करायचं, असं त्याने विचारलं.

"काही नाही. घरी होत असेल तर होईल. नसेल होत तर राहील."

दुसरा कप कॉफी नको म्हणावं तशी ती म्हणाली. छत्तीस वर्षांच्या संसारात हा सूर त्याने चार-पाच वेळाच ऐकला होता, आणि एकदाही ती मागे फिरली नव्हती.

त्या दिवसापासून घरात पाणी मोजून वापरायचं ठरलं. जेवण कागदी ताटल्यांत. कपडे धुवायला शेजारी. दात घासायला एक पेला. आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं. शनिवारच्या सौनाचं पाणी तेवढं कोणी मोजलं नाही. ते मोजायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही. व्हर्नरच्या आजोबांनी फिनलंडहून अमेरिकेत आल्यावर घराआधी सौना बांधली होती. पहिला हिवाळा सगळं कुटुंब त्या एका खोलीत राहिलं, त्याचे वडील तिथेच जन्मले. शनिवारी चूल पेटवायची, शेजारी यायचे, दगडांवर पाणी मारून वाफेत बसायचं आणि अंग धुऊन घरी जायचं. पोटातल्या नळीमुळे साइमाला आत जाता येत नसे. ती बाहेरच्या खोलीत बाकावर बसायची आणि दार बोटभर उघडं ठेवून वास घ्यायची.

मिलमधून दोनला सुटका व्हायची. अडीच ते सात व्हर्नर अंगण खणायचा. वरचा आठ इंच चिखल सहज निघायचा. खालची माती फावड्याला चिकटली की सुटत नसे. दर फावड्याला लाकडाच्या पट्टीने खरवडून काढावी लागे. अशाने तासाला आठ इंच. त्याने चरांवर पाच खड्डे घेतले, तीन-तीन फूट. मुळं घुसली असतील, पाइप दबला असेल, काहीतरी सापडेल असं त्याला वाटत होतं. सकाळी बघावं तर पाचही खड्डे काठोकाठ भरलेले.

मंगळवारी कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तपासनीस बाई आल्या. त्यांनी गिरमिटाने तीन ठिकाणची माती काढली, बोटांत चुरली, वास घेतला. चर मेले, म्हणाल्या. आता जमिनीच्या वर वाळूचा उंचवटा करून त्यात पंपाने पाणी सोडायचं, दुसरा मार्ग नाही. तोही जुलैत. बर्फ वितळताना रस्ते मऊ पडतात म्हणून जड गाड्यांना बंदी असते. वाळूचे ट्रक आत येणार कसे.

"बाई, मला एक मेपर्यंतच वेळ आहे," व्हर्नर म्हणाला.

बाईंनी बुटांची माती काठीने काढली. "मला कळतंय हो. पण रस्त्याला कोण सांगणार?"

बुधवारी रे कांगास आपला उपसणीचा ट्रक घेऊन आला. रे पलीकडच्या वळणावर राहायचा, पंचक्रोशीतल्या टाक्या उपसायचा आणि शनिवारी बायकोला घेऊन सालमेलांच्या सौनाला यायचा. बंदीमुळे ट्रक अर्धाच भरता येत होता. त्याने पाचशे गॅलन काढले आणि नळी गुंडाळायला लागला. व्हर्नरने सगळी रिकामी कर म्हटलं.

"अशा दिवसांत रिकामी करू? खालून पाणी टेकलंय. टाकी होडीसारखी वर येईल," रे म्हणाला. "मागच्या वर्षी तळ्याकाठच्या एकाने हट्ट केला. सकाळी बायको ओरडत उठली, अंगणात पाणघोडा आलाय म्हणून."

व्हर्नर हसला नाही. रेने ट्रकच्या पायरीवर बसून हातमोजे काढले आणि साइमा कशी आहे ते हळू आवाजात विचारलं. व्हर्नरने नऊ दिवस उरलेत एवढंच सांगितलं.

गुरुवारी तळघर कोरडं होतं. शुक्रवारी पहाटे जाळी पुन्हा ओली झाली.

शुक्रवारी संध्याकाळीच दुसरी गोष्ट कळली. डायलिसिसच्या द्रवाची खोकी महिन्याला एकदा येत. जड असत, म्हणून ती लावायचं काम व्हर्नरचं. फळ्यांच्या थप्प्या लावणाऱ्याला खोकी न मोजता बघता येत नाहीत. सहा जास्त होती. त्याने साइमाला विचारलं. ती म्हणाली, मार्चपासून ती रोजची शेवटची फेरी, म्हणजे पोटात द्रव भरून पुन्हा काढणं, सोडून देते. तो पहाटे तळघरात उतरला की यंत्र बंद करते.

"का?"

"तेवढंच कमी पाणी जातं."

"किती?"

"चार लिटर," ती म्हणाली. "रोजचे."

त्याने तिच्या पायांकडे बघितलं. घोटे दिसत नव्हते. मोज्यांची रेघ पोटरीत रुतली होती. इतके दिवस तो पहाटे तळघरात आणि संध्याकाळी खड्ड्यात होता, या दोन पायांकडे त्याने पाहिलंच नव्हतं. तो खोक्यावर बसला. तिला रागवावं असं त्याला वाटलं, पण तेवढा जोर उरला नव्हता. तिने चार लिटर वाचवले अशा कितीतरी दिवशी त्याने तळघरातून छप्पन्न गॅलन वर वाहून नेले होते. हे त्याने तिला सांगितलं नाही. आज सगळ्या फेऱ्या कर, एवढंच म्हणाला. बघू, असं ती म्हणाली. म्हणजे नाही.

शनिवारी मिलमध्ये जादा पाळी होती. साखळीवर उभा असताना त्याच्या डोक्यात ते चार लिटर फिरत राहिले. चार लिटर म्हणजे एक गॅलन. तिचं रात्रीचं सगळं मिळून तीन गॅलन. दोघांचं बाकीचं धरा चाळीस. दोन दिवसांचे नव्वदही होत नाहीत. रेने बुधवारी पाचशे काढले आणि शुक्रवारी टाकी भरली. मग बाकीचे चारशे कोणाचे? एक फळी त्याच्या समोरून सरळ निघून गेली आणि टोकाला जाऊन धाडकन पडली. पलीकडच्या माणसाने वर पाहिलं. व्हर्नरच्या हातून फळी सुटलेली त्याने कधी बघितली नव्हती.

दुपारी रे पुन्हा पाचशे काढायला आला.

"तुम्ही दोघंच राहता ना?" तो म्हणाला. "की वरच्या खोल्या भाड्याने दिल्यात? गावातल्या दारूच्या गुत्त्याची टाकी एवढी भरत नाही."

"तेच मोजायचंय," व्हर्नर म्हणाला.

संध्याकाळी नेहमीसारखी सौना पेटली. रे आणि त्याची बायको आली, वाफ घेऊन, अंग धुऊन गेली. साइमा बाकावर बसली होती. त्या दिवशी तिने दार उघडं ठेवायला सांगितलं नाही.

रविवारी घरात पाण्याचा थेंब वापरायचा नाही असं व्हर्नरने ठरवलं. साइमाचं रात्रीचं पाणी झाकणाच्या बादलीत घेतलं. सकाळी सहाला त्याने टाकीचं झाकण सरकवलं, अ‍ॅश लाकडाची काठी आत सोडली, पाणी लागलं तिथे करवतीने खूण केली. दुपारी चारला पुन्हा सोडली. पाणी साडेतीन इंच चढलं होतं.

तो टाकीच्या काठावर पोटावर आडवा झाला आणि बॅटरी आत धरली. घराकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडातून पेन्सिलीएवढी धार पडत होती. पांढरी, स्वच्छ. त्याने हात लांबवून धारेखाली बोट धरलं. विहिरीच्या पाण्यासारखं गार. घरातून निघालेलं पाणी कधी इतकं स्वच्छ नसतं.

ते पाणी कुठून येतंय हे त्याला कळलं होतं. उठायला धीर होत नव्हता.

टाकीच्या चार फूट अलीकडे दोन पाइप एकत्र येत होते. एक घराचा, एक सौनाचा. तो जोड त्याने स्वतः केला होता, चार वर्षांपूर्वी, शरदात. आंघोळीचं पाणी उघड्या नाल्यात सोडू नये अशी टाउनशिपची, म्हणजे गावच्या पंचायतीची, चिठ्ठी आली होती. रस्त्यावरच्या अकराही घरांत सौना होती आणि अकराही घरांना चिठ्ठी गेली. दहा जणांनी ती खणात टाकली. व्हर्नरने वडिलांनी घातलेला जुना मातीचा पाइप शोधून काढला, नाल्याकडे जाणारं त्याचं तोंड तोडलं आणि तो प्लास्टिकच्या पाइपाने वळवून टाकीला जोडला. एकट्याने, तीन शनिवार-रविवार खपून. रे तेव्हा उलट्या बादलीवर बसून बघत होता आणि राहू दे म्हणत होता. व्हर्नरला त्या कामाचा अभिमान होता. जोडाला कुठे केसभर फट नव्हती.

त्याने जोडापर्यंत खणलं. दोन तास गेले. मग हातकरवतीने जोडाच्या अलीकडे दोन्ही पाइप कापले. घराकडचा कोरडा. सौनाकडचा वाहत होता, आणि सौनाची फरशी कालपासून सुकलेली होती.

वडिलांनी पाइपाचे फूट-फूट लांबीचे तुकडे नुसते एकापुढे एक ठेवले होते. सांधे भरलेच नव्हते. उताराचं वितळलेलं पाणी त्या सांध्यांतून आत शिरायचं आणि घराला वळसा घालून नाल्यात जायचं. पन्नास वर्षं तळघर कोरडं राहिलं ते त्यामुळे. वडिलांनी मुद्दाम केलं की आळसाने, ते विचारायला आता कोणी नव्हतं. व्हर्नरने तेच पाणी आपल्या टाकीत आणि टाकीतून आपल्या चरांत घातलं होतं.

रे आला, खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि वाकून धारेकडे बघू लागला.

"म्हणजे चार वर्षं तू टेकडीचं पाणी संडासाच्या टाकीत सोडत होतास."

"हो."

"आणि मी ते उपसून नेत होतो."

"हो."

"चिठ्ठी वाचणारा एकच निघाला आपल्या रस्त्यावर," रे म्हणाला. मग त्याने जाकीट काढलं आणि दुसरं फावडं आणायला गेला.

घराचा पाइप पुन्हा जोडून आणि सौनाच्या पाइपाच्या टाकीकडच्या तोंडात बूच ठोकून झाल्यावर व्हर्नर घराकडे गेला. बुटांना चिखल होता, म्हणून स्वयंपाकघराच्या दारातच थांबला. साइमा टेबलापाशी बसली होती, सुजलेले पाय खुर्चीवर ठेवून.

"तुझं पाणी नव्हतं," तो म्हणाला. "माझा पाइप होता. सौनाचा."

"कधीपासून?"

"चार वर्षं."

ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली. मार्चपासूनचे सगळे दिवस ती मनात मोजत असावी. तो उभा राहिला. काही म्हणाली असती तर त्याने ऐकून घेतलं असतं.

"आज किती फेऱ्या करू?" तिने विचारलं.

"सगळ्या."

पुढच्या चार संध्याकाळी त्याने आणि रेने नाल्यापर्यंत बेचाळीस फूट चर खणला, अडीच फूट खोल, हाताने. ट्रॅक्टर आणला असता तर चाकं रुतली असती. टेकडीचं पाणी परत नाल्याला लागलं. सौनाच्या फरशीतलं भोक व्हर्नरने सिमेंटने बुजवलं. आता शनिवारचं पाणी टपात धरायचं आणि बादलीने वाहून न्यायचं. गुरुवारी पहाटे तळघराची फरशी वाळली. तो अकरा पायऱ्या रिकाम्या हातांनी वर आला.

नर्स एक मेला आली. टब बघितला, तळघर बघितलं, साइमाचे घोटे दाबून बघितले. चर अजून मेलेलेच होते. तीन वर्षं भिजून ते गच्च झाले होते, आणि तपासनीस बाईंनी वाळूच्या उंचवट्याशिवाय सही करायला नकार दिला होता. पण टाकीत आता दोनच माणसांचं पाणी येत होतं. अर्धी टाकी भरायला दहा-अकरा दिवस लागत होते. रे दर नवव्या दिवशी येईल असं व्हर्नरने सांगितलं. उंचवटा होईपर्यंत? नर्सने विचारलं. होईपर्यंत, तो म्हणाला. तिने बराच वेळ लिहिलं. यंत्र ठेवून गेली.

जूनमध्ये व्हर्नर निवृत्त झाला नाही. साहेबाकडे जाऊन तो आणखी काही दिवस येईन म्हणाला. साहेबाने कारण विचारलं नाही, साखळीवर माणसं टिकत नव्हतीच. बासष्टाव्या वर्षी ऐंशी पौंडांची फळी कमरेतून वळवता येते, पण संध्याकाळी बुटाच्या नाड्या सोडायला साइमाला वाकावं लागायचं.

असे सव्वादोन वर्षांचे पगार उधारी फेडण्यात गेले. त्यांतून उंचवटा होईपर्यंतच्या रेच्या अकरा खेपा झाल्या, वाळूचे सोळा ट्रक, एक पंप, पाणी चढलं तर वाजणारी घंटा आणि वर पेरायला गवताचं बी. अंगणात आता साडेतीन फूट उंचीचा हिरवा ढिगारा आहे. त्यावर झाड लावता येत नाही, गाडी उभी करता येत नाही, पाहुण्यांना नेऊन दाखवण्यासारखंही त्यात काही नाही. व्हर्नरने आयुष्यात विकत घेतलेल्या वस्तूंत सगळ्यात महाग तीच. तिच्या बदल्यात साइमा रात्री आपल्या पलंगावर झोपते आणि सगळ्या फेऱ्या पुऱ्या करते.